माळगे कंट्रोलरांचा टोपीदर

आमच्या शेळगीत गुपित म्हणून काही टिकत नाही, आणि त्याचं मुख्य कारण प्रभुलिंग माळगे. माणूस चुगलखोर अजिबात नाही. फक्त त्यांना हळू बोलता येत नाही.

त्यांची सगळी नोकरी सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर गेली. हुद्दा वाहतूक नियंत्रक, लोकांच्या तोंडी कंट्रोलर. होटगीमार्गे अक्कलकोटला जाणारी, श्रीपूरला जाणारी, पंढरपूरला जाणारी, अशा गाड्या त्यांनी आयुष्यभर पुकारल्या. समोर माईक असायचा, पण तो शिष्टाचारापुरता. शिवाय पुढ्यात आलेली चिठ्ठी जशीच्या तशी मोठ्यानं वाचायची, मधलं काही गाळायचं नाही, ही सवय जिभेला कायमची लागलेली. दवाखान्यात डॉक्टरांनी "पोट साफ होतं का?" असं विचारलं, तर उत्तर बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांना कळायचं. एकदा तर बाहेरच्या एका आजींनी तिथूनच एरंडेल सुचवलं होतं.

तर हे माळगे रिटायर झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, तरी बारा लाख शिल्लक राहिले. आता बारा लाख आहेत हे सगळ्या शेळगीला माहीत, कारण बँकेतून आल्यावर त्यांनी बायकोला, म्हणजे रत्नम्माला, ते "कानात" सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. मेव्हणा म्हणाला, रसवंती काढा. कोपऱ्यावरचे गुरुजी म्हणाले, एफडी करून गप बसा. एकानं तर थेट म्हैसच दाराशी आणून उभी केली.

माळग्यांच्या मनात मात्र वेगळंच होतं. "आयुष्यभर ओरडून पगार मिळवला," ते म्हणायचे, "आता असं उत्पन्न पाहिजे, ज्याला हाक मारावी लागत नाही. एक तारखेला आपल्या पायानं घरी यायला पाहिजे." म्हणजे भाडं. म्हणजे एखादा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यानं द्यायचा.

त्यांची मुलगी संस्कृती पुण्यात एका बँकेत कर्जाच्या विभागात आहे. ती सुट्टीला आली होती. रत्नम्मानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली होती, आणि जेवता जेवता बापलेकीचं बोलणं सुरू झालं. आम्हीही आमच्या घरी जेवता जेवता ते ऐकलं.

"अप्पा, घर छान वाटलं म्हणून घ्यायचं नसतं," संस्कृती म्हणाली. "आधी कॅप रेट बघायचा."

"टोपीचा दर?"

"टोपी नाही हो. हे बघा, वर्षाचं भाडं धरा. त्यातून घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, पाण्याचा टँकर, डागडुजी हे सगळं वजा करा. वर्षात एखादा महिना घर रिकामं राहणारच, तेही वजा करा. उरेल त्याला घराच्या किमतीनं भागा. शंभराला किती पडतात, तो कॅप रेट."

"आणि कर्जाचा हप्ता?"

"तो यात नाही धरायचा. हप्ता कॅश फ्लोमध्ये. कॅप रेट सांगतो घर कसं आहे. कॅश फ्लो सांगतो, हप्ता भरून महिन्याच्या शेवटी तुमच्या खिशात काय राहतं."

माळग्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचार केला. मग गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे टोपी घराची आणि खिसा आपला. आणि टोपी नीट तपासली नाही, तर दुसरा आपल्यालाच टोपी घालणार!"

संस्कृतीनं समजावायचा प्रयत्न सोडून दिला. "हां अप्पा. तसंच समजा."

झालं. त्या दिवसापासून माळगे दिसेल त्या वस्तूचा टोपीदर काढायला लागले. दाढीला गेले की न्हाव्याच्या खुर्चीचा. पाणीपुरी खायला गेले की गाडीचा. त्या पाणीपुरीवाल्याला त्यांनी एवढे खर्च विचारले, की तो शेवटी म्हणाला, "काका, फुकट खावा पर हिशेब नको." घरी येऊन त्यांनी रत्नम्माच्या मिक्सरकडं मोर्चा वळवला. रत्नम्मा शेंगाचटणी करून ओळखीच्या घरांमध्ये विकते. माळग्यांनी शेंगदाणे, मिरची, वीज सगळं वजा केलं. मिक्सरची किंमत चार हजार. वर्षाला हातात उरतात अठरा हजार. त्यांनी भागाकार केला, मग परत केला.

"किती आलं?" रत्नम्मानं विचारलं.

"साडेचारशे टक्के."

"आणि घराचं किती येतं म्हणाली संस्कृती?"

"पाच, सहा. लई झालं तर सात."

"मग घर कशाला घेताय?" रत्नम्मा म्हणाली. "तीनशे मिक्सर घ्या की."

यावर माळगे उठले आणि थेट एजंटाकडं गेले.

एजंटाचं नाव शिवानंद. इस्त्रीचा शर्ट, बुलेट, आणि प्रत्येक वाक्याला "सर". तो पहिल्यांदा त्यांना जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या वस्तीत घेऊन गेला. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, किंमत अठरा लाख. "सर, याची खासियत म्हणजे भाडेकरू बसलेलाच आहे. बारा हजार देतो. तुम्ही सही करायची आणि भाडं घ्यायला सुरुवात करायची."

दार उघडलं तेव्हा आत एक तिशीचा माणूस बनियनवर बसून सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, खात होता. नाव सांगितलं दिग्विजय. त्यानं ताटली बाजूला ठेवून हात जोडले आणि बोलायला लागला. "मालक, काय सांगू तुमाला. लई भारी घर. वारा असा येतो, की फॅन लावायला लागत न्हाय. बारा हजार मला कमीच वाटतात बगा. दरवर्षी मीच म्हणतो, वाढवा की जरा."

असा भाडेकरू माळग्यांनी कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नसेल. घरी येऊन त्यांनी हिशेब मांडला. वर्षाचं भाडं एक लाख चव्वेचाळीस हजार. मेंटेनन्स, घरपट्टी, टँकर आणि एक रिकामा महिना मिळून एकोणचाळीस हजार सहाशे वजा. टोपीदर पाच पूर्णांक आठ. सहा लाखांचं कर्ज काढावं लागणार, दहा वर्षांसाठी, हप्ता सात हजार सहाशे. हप्ता भरून महिन्याला अकराशे रुपये खिशात. फार नाही, पण उरतायत. माळगे खूश झाले. रत्नम्मानं एवढंच विचारलं, "स्वतःच भाडं वाढवा म्हणतो? डोकं ठीक आहे ना त्याचं?"

"सज्जन माणूस आहे," माळगे म्हणाले. शेजारच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

तरी दोन-चार ठिकाणं बघून ठरवावं म्हणून ते परत शिवानंदबरोबर निघाले. या वेळी होटगी रोडला. सोळा लाखांचा फ्लॅट, भाडेकरू तेरा हजार देणारा, कुठल्याशा कंपनीत साहेब. दार उघडलं. आत चष्मा लावलेला, भांग पाडलेला एक माणूस उभा. कडेवर तान्हं बाळ.

आता, स्टँडवरच्या खिडकीत बसलेल्या माणसाचं एक असतं. हजारो चेहरे येतात, पण ज्यानं एकदा "अक्कलकोट गाडी गेली का?" म्हणून डोकं खाल्लं, तो चेहरा विसरत नाही. माळग्यांनी त्या साहेबाकडं वाकून बघितलं.

"तुम्ही मंगळवारी जुळे सोलापुरात राहत होता ना?"

साहेब जरा गडबडला. चष्मा सारखा केला. "तो... तो माझा जुळा भाऊ."

"जुळे सोलापुरात जुळा भाऊ?"

"व्हय. म्हणूनच तिकडं राहतो तो."

खरं सांगायचं तर माळग्यांना ते पटलंही असतं. ते इतके सरळ आहेत. पण खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "बरं, या फ्लॅटचं भाडं महिना तेरा हजार, बरोबर?"

बस. समोरचं दार उघडलं. एक बाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "तेरा हजार? कोण देतंय तेरा हजार? आमी साडेसात देतोय तेवढ्याच घराला!"

वरच्या मजल्यावरून कुणीतरी कठड्यावरून वाकलं. "अहो, ते घर तर दिवाळीपासून बंदच हाय! कुलूप आज उघडलं."

खालून वॉचमन ओरडला, "बोअर आटल्याचं सांगितलं का बे त्यांना?"

एवढ्या आवाजानं कडेवरचं बाळ भोकाड पसरायला लागलं. तेवढ्यात जिन्यावरून एक तरुण बाई धावत आली. तिनं साहेबांच्या कडेवरून बाळ ओढून घेतलं. "झालं का तुमचं? पाच मिनिटं म्हणून नेलं होतं! दूध पाजायचं राहिलंय त्याला!"

शिवानंद घामाघूम झाला. माळग्यांच्या दंडाला धरून पुटपुटला, "सर, सर, आपण खाली जाऊन बोलू."

"खाली जाऊन बोलू म्हणतायत हे!" माळग्यांनी सगळ्या जिन्याला सांगितलं.

खाली पोचेपर्यंत शिवानंदची बुलेट निघून गेली होती, शिवानंदला घेऊन. मागे राहिले माळगे आणि तो साहेब, ज्याला शिवानंदनं सकाळीच आपल्या गाडीवरून आणून सोडलं होतं आणि जो आता अडकला होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कोपऱ्यावर चहाची टपरी होती. माळगे म्हणाले, "चला. चष्मा काढा, चहा पिऊ."

चहा घेता घेता सगळं बाहेर आलं. नाव मात्र खरंच दिग्विजय होतं. तो हौशी नाटकात कामं करायचा. शिवानंद त्याला एका फ्लॅटमागं तीनशे रुपये आणि नाश्ता द्यायचा. कधी साहेब, कधी दुकानदार, एकदा तर रिटायर मास्तर केला होता, डोक्याला पावडर लावून.

"पर काका, एक सांगू?" दिग्विजय म्हणाला. "बाळ घ्यायची आयडिया माजी होती. शिवानंद म्हणत होता, नुसता चष्मा बास."

"काम चांगलं केलंस," माळगे म्हणाले. ते खरंच रागावलेले नव्हते. "पण स्वतःच भाडं वाढवा म्हणालास, तिथं जास्त झालं. माझ्या बायकोला तिथंच शंका आली."

"वाटलंच मला," दिग्विजय हळहळला. "भरात बोलून गेलो."

मग त्यानं हेही सांगितलं, की जुळे सोलापुरातला तो फ्लॅटसुद्धा रिकामाच आहे आणि त्या बिल्डिंगमध्ये आठ हजारांच्या वर कुणी देत नाही. माळग्यांनी तिथंच टपरीवाल्याकडून पेन मागून पेपराच्या तुकड्यावर परत भागाकार केला. बाराच्या जागी आठ धरल्यावर टोपीदर साडेतीनच्याही खाली आला. आणि हप्ता भरून खिशात अकराशे यायच्या ऐवजी महिन्याला अडीच हजारांच्या वर खिशातूनच घालायची पाळी. सगळी टपरी तो आकडा ऐकून हळहळली.

"तू कुठं राहतोस?" उठता उठता माळग्यांनी विचारलं.

दिग्विजयनं मान खाली घातली. "सासऱ्याकडं. गावभर भाडेकरू व्हतो, पर खरं घर मला कुणी देत न्हाय. तालमीला आवाज चढतो ना. लोक एका महिन्यात बाहेर काढतात."

घरी येऊन माळग्यांनी रत्नम्माला सगळी हकीकत सांगितली, म्हणजे तिनं ती दुसऱ्यांदा ऐकली, कारण होटगी रोडवरचं एक चटणीचं गिऱ्हाईक तिला आधीच फोन करून बसलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "बाळीवेशीच्या मागच्या बोळात मायाक्का राहतात. वरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर विकायचंय त्यांना. त्यांना आता जिना चढवत नाही."

"तुला कधीपासून माहीत?"

"महिना झाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही टोपी काढत होता की."

मायाक्का म्हणजे ऐंशीच्या आसपासच्या एकट्या बाई. मुलगा हैदराबादला. दात एकही नाही, पण रत्नम्माची चटणी रोज ताकात कालवून लागते. आणि कानानं जवळजवळ ठार बहिऱ्या. नवरा-बायको दोघं त्यांच्याकडं गेले. खोल्या चांगल्या होत्या, जिना दगडी, खिडक्या दोन्ही बाजूंना. एका भिंतीला तेवढी ओल होती.

रत्नम्मानं मायाक्कांना विचारलं, "अव्वा, किंमत किती धरलीय?"

मायाक्का नुसत्या हसल्या. काही ऐकू आलं नव्हतं.

"अव्वा, किंमत किती?" माळग्यांनी विचारलं.

मायाक्कांनी एकदम मान वर केली. कुणीतरी अंधाऱ्या खोलीत दिवा लावावा, तसा त्यांचा चेहरा झाला. "सव्वाअकरा लाख!" त्या म्हणाल्या. आणि मग, "याव ऊर?" म्हणजे गाव कोणतं. माळग्यांनी बायकोचं माहेर सांगितलं, मैंदर्गी. मायाक्कांचं दुधनी. मग अर्धा तास दोन्ही गावांतली कानडी माणसं निघाली. रत्नम्मा बोलायची, माळगे ते मोठ्यानं पुढं सांगायचे, मायाक्का उत्तर द्यायच्या. बाजारात भाव पुकारावेत तसं चाललं होतं. बोळातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

मग व्यवहाराची वेळ आली. रत्नम्मा नवऱ्याच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "भिंतीला ओल आहे म्हणावं, दहाला द्या. पण अकरापर्यंत जायला हरकत नाही. असं घर परत मिळायचं नाही, सोडू नका."

माळगे ताठ बसले, घसा साफ केला आणि पुढ्यात आलेली चिठ्ठी वाचावी तसं सगळं मायाक्कांना सांगितलं. "भिंतीला ओल आहे म्हणावं, दहाला द्या. पण अकरापर्यंत जायला हरकत नाही. असं घर परत मिळायचं नाही, सोडू नका!"

रत्नम्मानं कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो देवा!"

"मग अकरा," मायाक्का म्हणाल्या.

दारातली दोन माणसं पोट धरून हसायला लागली. माळग्यांचा चेहरा मात्र पडला. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. ते रत्नम्माकडं बघायचं टाळायला लागले. पण मायाक्काही हसत होत्या, आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. "माझी सून फोनवर बोलते, तर पाण्यात मासा तोंड हलवतो तसं वाटतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, बँकेतला पोरगा, सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. वर्षं झाली, कुणाचं एक वाक्य मला पुरं ऐकू आलं नाही. तू एकटाच नीट बोलतोस बघ." मग त्यांनी पुढं होऊन विचारलं, "रविवारी येऊन पेपर वाचून दाखवशील?"

"दाखवीन की, अव्वा."

"सगळा? जाहिराती पण?"

"जाहिराती पण. पण मग," माळगे जरा सावरले, "त्याचे किती धरायचे?"

मायाक्कांनी थोडा विचार केला. "पन्नास हजार."

अशा तऱ्हेनं घर साडेदहा लाखांना ठरलं. स्टँप ड्युटी, नोंदणी धरून सव्वाअकरा. कर्ज काढावं लागलं नाही. संस्कृतीला फोनवर आकडे सांगितले तेव्हा तिनं फोन कानापासून लांब धरून हिशेब केला. भाडं साडेसात हजार, खर्च आणि रिकामा महिना वगळून वर्षाला बहात्तर हजार, म्हणजे सहा पूर्णांक चार टक्के. "अप्पा, खरं सांगू? एफडीत याहून थोडं जास्तच येईल. पण भाडं दरवर्षी वाढेल, आणि घराची किंमतही. फक्त एफडीचा नळ गळत नाही, एवढं लक्षात ठेवा." नंतर तिनं विचारलं, "रविवारचं पेपरवाचन खर्चात धरलंय का?"

"ते आधीच वजा झालंय," माळगे म्हणाले.

आता भाडेकरू. माळग्यांना वाटलं होतं, पाटी लावली की रांग लागेल. लोक यायचे, पण माळगे त्यांना आधी ओल दाखवायचे, मग पायाखालच्या कुठल्या फळीचा आवाज येतो ते सांगायचे, मग उन्हाळ्यात वर किती तापतं ते. हे सगळं बोळाला ऐकू जाईल असं. लोक खालच्या खालीच परत फिरायचे. दोन महिने खोल्या रिकाम्या राहिल्या. हिशेबात एकच महिना धरला होता. माळग्यांची झोप उडाली. रत्नम्मा म्हणाली, "अहो, घर दाखवायला मी जाते. तुम्ही कोपऱ्यावर उभे राहा." पण कोपरा पुरेसा लांब नव्हता.

एके सकाळी दिग्विजय दारात उभा राहिला. बरोबर त्याची बायको रेश्मा. रेश्मा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सोलापुरात असे कारखाने पुष्कळ आहेत, आणि त्यात रेश्मासारख्या बाया नसत्या तर निम्म्या देशातली पोरं बटणांशिवाय शाळेत गेली असती. ती नवऱ्याला मागं ठेवून पुढं आली. "काका, पगार माझा आहे, भाडं मी देणार. हे फक्त राहतील."

"आणि तालमी?" माळग्यांनी विचारलं.

"तेच तर," दिग्विजय मागून म्हणाला. "सध्या राजाचं काम हाय. दरबारात गर्जना हायत चार."

माळग्यांनी रत्नम्माकडं बघितलं, रत्नम्मानं माळग्यांकडं. दोघांनाही एकाच वेळी सुचलं. खाली मायाक्का. समोर बसून ओरडलं तरच त्यांना कळायचं; वरच्या गर्जनाच काय, दरबार कोसळला तरी ऐकू येणार नव्हता.

अकरा महिन्यांचा करार झाला. सही करण्याआधी दिग्विजयनं करार दोनदा वाचला. एवढे भाडेकरू केले होते, पण खऱ्या करारावर सही पहिल्यांदाच. राहायला आल्यावर बोळातल्या एका शेजाऱ्यानं विचारलं, घर कसं आहे? तर याच्या तोंडून सवयीनं निघालं, "लई भारी घर! वारा असा येतो, की फॅन लावायला लागत न्हाय!" शेजाऱ्याला वाटलं, हा एजंट आहे. पुढचे पंधरा दिवस कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

रविवारी माळगे येतात, मायाक्कांच्या अंगणात बसून पेपर वाचतात. लग्नाच्या जाहिराती वाचल्या की मायाक्का प्रत्येक स्थळावर मत देतात. "नोकरी चांगली, पण उंची कमी आहे, नको." दिग्विजय वरून वाकून म्हणतो, "काका, ती 'गृहकृत्यदक्ष' पुन्हा घ्या, जोर कमी पडला." दुपारपर्यंत बोळात कुणाला पेपर विकत घ्यायची गरज उरत नाही.

वर्ष झालं आणि संस्कृतीनं खरा हिशेब मागितला. दोन महिने रिकामे गेलेले. त्यात बाथरूमचा पाइप फुटून पाणी मायाक्कांच्या कपाटात गेलं, फरशी उकरावी लागली, एकोणीस हजार गेले. घरपट्टी वेगळी. सगळं जाऊन हातात बावन्न हजार. टोपीदर साडेचारच्या थोडा वर.

"अप्पा," संस्कृती म्हणाली, "करार संपतोय ना पुढच्या महिन्यात? भाडं वाढवा. पाच-सात टक्के. सगळे वाढवतात. जा, बोला, आणि आईला बरोबर नेऊ नका, म्हणजे तिचं काही मोठ्यानं सांगायचा प्रश्न येणार नाही."

माळगे एकटे गेले. वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं होतं. रेश्मानं बसायला खुर्ची दिली, चहा दिला, बरोबर खारी. त्यांनी वाक्य म्हटलं. रेश्मानं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, तीनशे वाढवते. बरोबर आहे तुमचं." मग तिनं पदराला हात पुसले. "पण थंडीत पहाटे पाच वाजता मला कारखान्याला जायचं असतं. गार पाण्यानं अंघोळ करून मशीनवर बोटं चालत नाहीत."

"गिझर नाही का वर?"

"नाही."

"मी कधी बघितलंच नाही," माळगे म्हणाले, आणि त्यांना ते खरोखर लागलं. ओल दाखवली, फळ्या दाखवल्या, ऊन सांगितलं, पण थंडीचा विचार डोक्यात आला नव्हता.

घरी आल्यावर रत्नम्मानं विचारलं, "वाढवलं?"

"तीनशे वाढवले."

"बरं झालं."

"आणि साडेसहा हजारांचा गिझर कबूल केला."

रत्नम्मानं हिशेब केला नाही. तिनं फक्त दुसऱ्या दिवशी बरोबर यायचं कबूल केलं, आणि दुकानात रेश्मालाही बोलावून घेतलं. दुकानदार पांढराच दाखवत होता, रेश्माला मरून रंगाचा हवा होता, आणि तो दोनशे रुपयांनी महाग होता. माळग्यांनी तोही घेतला. वर नेताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. गिझर खांद्यावर घेऊन ते दगडी जिना चढत होते, आणि मागून दिग्विजय "सांभाळून, मालक, सांभाळून" म्हणत रिकामा खोका घेऊन येत होता.